काळं पडलेलं झाड सडलेलं नसतं, साहेब

मा. अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, प्राचार्य मॅडम आणि निर्लेखन समितीतले सगळे मेंबर,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना दुसऱ्या ओळीत कळेल. मी तुमच्या बॉटनी लॅबमध्ये ३३ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो, १९८६ ला लागलो आणि २०१९ ला रिटायर झालो. शिक्षण बारावी सायन्स, तेही दुसऱ्या खेपेला. पोरं मला मामा म्हणायची, अजूनही बाजारात कुणी भेटलं तर मामाच म्हणतात, त्यातला एक आता तुमच्याच संस्थेच्या बोर्डावर आहे, त्याला हे पत्र बघून बरं वाटेल की वाईट ते माहीत नाही. नातवाच्या मोबाईलवर बोलून टाईप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

हे जाहीर लिहायची वेळ का आली ते सांगतो. मागच्या आठवड्यात मला डेडस्टॉकच्या, म्हणजे बाद करायच्या सामानाच्या, यादीचा फोटो व्हॉट्सअपवर आला. त्यात एक ओळ अशी : "कपाट क्र. ४, स्क्रोफ्युलॅरिएसी, शीट ३१४. शेरा : काळी पडलेली, बुरशीग्रस्त. वर्गीकरण कालबाह्य. माहिती संगणकात घेतली आहे. रद्दीत काढावे." शीट म्हणजे वाळवून, दाबून जाड कागदावर शिवलेला झाडाचा नमुना, अशा शीटांचा संग्रह म्हणजे हर्बेरियम, आणि स्क्रोफ्युलॅरिएसी हे झाडांच्या एका कुळाचं नाव. थोडक्यात, खोली रिकामी करून तिथे स्मार्ट क्लासरूम होणार, सहा कपाटांपैकी पहिलं हे जाणार, आणि ते गेलं की बाकीची पाच जायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे, एकदा गोठ्यातली एक वीट काढली की कळतं.

आधी दोनदा ऑफिसमध्ये जाऊन आलो. पहिल्या वेळी साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या वेळी "अर्ज द्या" म्हणाले, अर्ज दिला, पोच दिली नाही. म्हणून आता इथे.

त्या एका ओळीत तुम्ही तीन कारणं दिलीत. तिन्ही चुकीची आहेत.

पहिलं, काळी पडलेली. अहो साहेब, ती काळीच पडतात! टारफुला, दुधाळी, तुतारी ही सगळी दुसऱ्याच्या मुळावर जगणारी झाडं, उपटून दाबायला ठेवली की दोन दिवसांत हिरवी पानं काळी ठिक्कर होतात. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं माझ्याकडूनच पेपर बदलायचे राहिले, म्हणून मी घाबरून आमच्या बॉटनीच्या सरांना न सांगता तीन नमुने टाकून दिले. सरांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, फक्त पुण्याहून आणलेलं एक जुनं शीट काढून दाखवलं, तेही तसंच काळं. म्हणाले, मामा, हे त्या झाडाच्या अंगातलंच आहे, वाळताना बाहेर येतं, काळं झालं म्हणजे आपण नीट ओळखलं असं समज. बुरशी वेगळी दिसते. बुरशी पांढरी-राखाडी, कापसासारखी, बोटाला लागते, वास येतो. हे काळं बोटाला लागत नाही. तुमच्या समितीतल्या एकाने जरी बोट लावून बघितलं असतं तरी हा शेरा लिहिला गेला नसता (अर्थात बोट नाही लावलं तेच बरं, ते पुढे सांगतो).

आणि समितीत बॉटनीचं कुणी होतं का हो? यादीखाली सह्या आहेत त्या ऑफिस सुपरिंटेंडेंटची, कॉमर्सच्या सरांची आणि स्टोअरकीपरची. बॉटनीची पर्मनंट पोस्ट किती वर्षं रिकामी आहे ते मी लिहीत नाही, तुम्हीच मोजा. सीएचबीवर ज्या मॅडम येतात त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि तासावर पैसे मिळणारं माणूस तोंड उघडून बोलेल कशाला. माझा त्या तिघांवर राग नाही, ते आपापल्या कामात हुशार आहेत, पण मी कॉमर्सचं बॅलन्सशीट बघून "आकडे फार आहेत, रद्दीत काढा" असं लिहिलं तर चालेल का?

दुसरं, वर्गीकरण कालबाह्य. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्क्रोफ्युलॅरिएसी म्हणजे आपल्याकडे पुस्तकात नीरब्राह्मीचं कुळ म्हणायचे ते. नाव इतकं अवघड की पोरं त्याला स्क्रूड्रायव्हर कुळ म्हणायची आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त बोंब याच कुळावर व्हायची. मूळ नाव आलंय गंडमाळेवरून, गळ्याला गाठी येतात ना त्या, युरोपात या जातीचं एक झाड त्यावर औषध म्हणून वापरायचे. तर हे कुळ फार मोठं होतं, ज्याचं कुठे जमत नाही त्याला इथे टाकायचं असं सर हसून म्हणायचे. पुढे २००१ च्या आसपास डीएनए बघून परदेशातल्या लोकांनी दाखवलं की ही सगळी एका रक्ताची नाहीत. मग वाटण्या झाल्या. नीरब्राह्मी आणि भातखाचरातली आंबुली इसबगोलाच्या घरात गेली. टारफुला, दुधाळी, तुतारी ही सगळी परजीवी मंडळी तंबाखूवरच्या बंबाखूच्या घरात गेली, आणि खरं सांगायचं तर ती तिथेच शोभतात. लिंडर्निया आणि टोरेनियाने वेगळी चूल मांडली. जुन्या घरात आपल्याकडचं ते पिवळ्या फुलाचं वर्बॅस्कम राहिलं आणि बाहेरून बडलेजा येऊन बसलं. नीरब्राह्मीच्या नावाचं कुळ आणि नीरब्राह्मीच त्यात नाही, अशी गंमत.

पण साहेब, तुम्ही गावची माणसं आहात. भावाभावांत वाटणी झाली म्हणून तलाठी जुना सातबारा जाळतो का? फेरफार घालतो, नवीन नाव चढवतो, जुनी नोंद तशीच राहते, कारण उद्या भांडण झालं तर त्या जुन्या कागदावरच निवाडा होतो. हर्बेरियममध्येही हेच आहे. शीटवरचं जुनं लेबल कधी खोडायचं नसतं, बाजूला एक छोटी चिठ्ठी चिकटवायची, त्यावर नवीन नाव, कुणी ठरवलं, कधी ठरवलं. कपाट ४ मधल्या कितीतरी शीटवर अशा दोन दोन, तीन तीन चिठ्ठ्या आहेत, बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी लावलेल्या. तुतारीच्या एका शीटवर जातीचं नाव आधी लाँगिफ्लोरा लिहिलंय, मग फिस्टुलोसा. झाड तेच, जागा तीच, तारीख तीच. म्हणजे कुळ मोडलं तर काम दोन दिवसांचं, शीट योग्य फोल्डरमध्ये हलवायची. चहा पाजलात तर मी एका दिवसात करून देतो.

तिसरं कारण सगळ्यात धोक्याचं, कारण ऐकायला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. माहिती संगणकात घेतली आहे.

मी ती एक्सेलची फाईल बघितली. मॅडमनी नाही दिली, कुणी दिली ते विचारू नका. एजन्सीच्या पोरांनी एका उन्हाळ्यात रजिस्टर बघून टाईप केलेली आहे, शीट उघडून बघून नाही. सर रजिस्टरमध्ये एकाच गावाची दहा झाडं असली की पहिल्या ओळीत गावाचं नाव लिहायचे आणि खाली "डिट्टो". त्या फाईलमध्ये डिट्टो हे गाव झालंय. मोजलं मी, २७ झाडं डिट्टो या गावची आहेत, तालुका रिकामा, जिल्हा सातारा.

तारखांचं तर विचारूच नका. सर ५.९.७१ असं लिहायचे, म्हणजे ५ सप्टेंबर. संगणकाने ते अमेरिकन पद्धतीने ९ मे करून टाकलं. आता तुतारी कासच्या पठारावर ९ मे ला फुललेली आहे असं त्या रेकॉर्डात दिसतं! मे महिन्यात त्या कातळावर पाय ठेवला तर चटका बसतो, तिथे पावसाळी झाड फुलेल कसं. आणि उद्या एखादी पोरगी पीएचडीला बसली, हवामान बदलामुळे फुलांचे महिने बदलले का ते बघायला तिने ही फाईल घेतली, तर ती बिचारी काय निष्कर्ष काढेल? म्हणून तर जुने लोक महिना रोमन आकड्यात लिहायचे, सर तेवढं लिहीत नव्हते ही त्यांची चूक, ती मान्य. पण शीटवरच्या लेबलावर त्यांनी महिना अक्षरात लिहिलाय. शीट राहिली तर चूक दुरुस्त होईल, शीट गेली तर ९ मे कायमचं खरं होऊन बसेल.

आणि सगळ्यात वाईट, त्या फाईलमध्ये शेऱ्याचा कॉलमच नाही. टाईप करणाऱ्यांना सांगितलं होतं नाव, गाव, तारीख एवढंच घ्या. पण मी वर सांगितलं ना की ही झाडं वाळली की काळी पडतात. मग तुतारीचं फूल पांढरं होतं हे कुठून कळणार? ते फक्त लेबलावर आहे. "फूल पांढरं, नळी लांब, संध्याकाळी उमलतं, सकाळी मिटलेलं, ओल्या कातळावर गवतात" एवढं सगळं सरांनी बोटभर जागेत कोरलंय. दुधाळीचं "गुलाबी". टारफुल्याचं "पांढरं, ज्वारीत, अर्धा एकर पिवळा पडलेला". झाड काळं, रंग लेबलात. लेबलाशिवाय ते शीट म्हणजे वाळका पाला आणि शीटशिवाय लेबल म्हणजे सांगोवांगी, कुणी पडताळायचं म्हटलं तर काही हातात नाही. तुम्ही तर दोन्हींची ताटातूट केलीत, आणि वर लेबलही अर्धंच घेतलंत.

फोटो काढून ठेवू म्हणाल तर तो जरूर काढा, मी उलट मागणीच करणार आहे. पण फोटोवर सगळं भागत नाही. टारफुला कुठला ते ठरवायचं तर फुलाच्या खालच्या कोशावरच्या शिरा मोजाव्या लागतात. ५ असल्या तर डेन्सिफ्लोरा, १० असल्या तर एशियाटिका, १५ असल्या तर अँगुस्टिफोलिया. तेवढा कोश तांदळाच्या दाण्याएवढा, त्यात काळा. तो कोमट पाण्यात भिजवून सुईने उलगडून भिंगाखाली बघायचा असतो. मी बारावीवाला माणूस, मला हे येतं कारण मी ते शेकडो वेळा पोरांना करून दिलंय. ते मोबाईलच्या फोटोतून कसं करणार?

हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. मला एक दुपार आठवते, वर्ष नक्की आठवत नाही, नव्वदच्या अलीकडची असेल. पलीकडच्या गावचा एक शेतकरी धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळून सरळ लॅबमध्ये आला. ज्वारी खुरटलीय, खत घातलं, पाणी दिलं, काही उपयोग नाही, आणि हे पांढरं फूल सगळीकडे. सरांनी ते भिजवलं, मला भिंग आणायला लावलं, मग कपाट ४ उघडून त्याच्याच गावचं जुनं शीट टेबलावर ठेवलं. अरे बाबा, हे तुझ्या शिवारात तुझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. एक झाड हजारो बिया टाकतं, धुळीसारख्या बारीक, आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात, ज्वारीच्या मुळाचा वास आला की उठतात. फुलायच्या आधी उपट, जाळ, दरसाल ज्वारीच घेऊ नको, मधे भुईमूग घे, कापूस घे, त्याच्या मुळाने बी फसून उगवतं आणि खायला न मिळाल्याने मरतं. तो माणूस बराच वेळ त्या शीटकडे बघत बसला. कुणीतरी आपल्या गावचं गवत इतकं जपून ठेवलंय याचंच त्याला नवल वाटलं असावं. पुढच्या वर्षी तो शेंगांची पिशवी घेऊन आला होता, भुईमुगाच्या.

ही माझी गावठी गोष्ट झाली, मोठी हवी असेल तर तीही आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडून दुष्काळ आला, दहाएक लाख माणसं मेली. तो करपा नेमका कुठल्या वाणाचा होता हे कळलं २०१३ मध्ये, कशावरून, तर लंडनच्या क्यू बागेच्या आणि म्युनिकच्या हर्बेरियममधल्या जुन्या रोगट पानांवरून, त्यांचा डीएनए काढून. ज्याने ती डागाळलेली पानं दाबून ठेवली त्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. तिथे तुमच्यासारखी समिती असती तर शेरा काय पडला असता? "डाग पडलेली, रोगग्रस्त, रद्दीत काढावे."

आता ते बोट लावायचं राहिलेलं. ही शीट रद्दीत घालणं नुसतं मूर्खपणाचं नाही, धोक्याचं आहे. आमच्याकडे प्रत्येक नमुना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडच्या पाण्यात, म्हणजे स्पिरिटमध्ये ते विरघळवून, त्यात बुडवून काढायचे. पाऱ्याचं विष आहे ते. सगळीकडे तीच पद्धत होती, म्हणून तर कसर आणि वाळवी लागली नाही. तेव्हा आम्हाला ग्लोव्हज कोण देतंय, मी कित्येक वर्षं उघड्या हाताने बुडवलीत, तो विषय वेगळा. पण ती शीट रद्दीवाल्याने किलोवर नेली तर पुढे कुठे जाणार? चांगला जाड कागद आहे, कुठल्या तरी गाडीवर भेळ बांधायला जाईल. तुमच्या यादीत याबद्दल एक अक्षर नाही.

आणि जागेचं म्हणाल, तर मला कळतं, विद्यार्थी वाढले, वर्ग पाहिजेत. अडचण सगळ्यांनाच आहे, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सव्वाआठ लाख नमुन्यांचं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं, जगभरातून आरडाओरडा झाला. पण त्यांनी निदान असं म्हटलं की दोन-तीन वर्षांत दुसरीकडे चांगल्या ठिकाणी हलवू. रद्दीवाल्याला नाही बोलावलं. उलट मुंबईत झेवियर्स कॉलेजने ब्लॅटर हर्बेरियम इतकी वर्षं सांभाळलंय, तेही कॉलेजच आहे, जागेची चणचण मुंबईपेक्षा आपल्या तालुक्याला जास्त आहे का?

कॉलेजला दर्जा देणारी नॅकची कमिटी यायची तेव्हा हीच कपाटं पुसून, फुलं ठेवून, दार उघडं टाकून दाखवली जायची बरं का. मीच पुसली आहेत. तेव्हा फाईलमध्ये "समृद्ध हर्बेरियम" असं छापलं होतं. एकच कपाट, एकदा समृद्ध आणि एकदा रद्दी.

माझं यात काय जातं? पगार नाही, पेन्शन थांबत नाही. पण त्या ३१४ मधली निम्म्याहून जास्त शीट मी शिवलीत. पावसाळ्यातली झाडं, रसरशीत, पेपर रोज बदलावा लागतो नाहीतर खरंच बुरशी येते, म्हणून रविवारी सुट्टीच्या दिवशी मी सायकल मारत यायचो, स्टोव्हवर पेपर गरम करायचो आणि एकेक नमुना उलटायचो. गणपतीत पण. बायको म्हणायची, घरातल्या गौरीपेक्षा तुम्हाला कॉलेजच्या पाल्याची काळजी जास्त. कास तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, एसटीने जायचो, उतरून चालायचो, आज २०१२ पासून जागतिक वारसा झालाय आणि हंगामात ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. त्या गर्दीच्या आधी तिथे कुठल्या खड्ड्यात काय उगवत होतं, त्याचा पुरावा कपाट ४ मध्ये आहे. दोन-तीन लेबलांवर संग्राहक म्हणून सरांच्या नावापुढे "आणि मामा" असं लिहिलंय. सर आता नाहीत. कायदेशीर नाव नाही लिहिलं त्यांनी, मामाच लिहिलं.

तर मागण्या. घोषणा नाहीत, उपोषण नाही, साध्या आहेत.

कपाट ४ ची विक्री आजच थांबवा, आणि तसं लेखी काढा. तोंडी नको, तोंडी मला ३३ वर्षांत खूप मिळालंय.

निर्लेखन समितीत वनस्पतीशास्त्राचा माणूस घ्या, आपला नसेल तर बाहेरून बोलवा, आणि त्याने प्रत्येक शीट बघितल्यावरच शेरा लिहा. खरंच बुरशी लागलेली निघाली तर ती काढा, माझी हरकत नाही. माझ्या अंदाजाने दहासुद्धा निघणार नाहीत.

एक्सेलची फाईल शीट समोर ठेवून दुरुस्त करून घ्या. डिट्टो गाव काढा, तारखा सरळ करा, शेऱ्याचा कॉलम घाला, आणि प्रत्येक शीटचा लेबलासकट फोटो काढा. एजन्सीला पैसे देऊ नका, एमएस्सीची चार पोरं आणि मी, दिवाळीच्या सुट्टीत करतो, फुकट.

जागा खरंच नसेल तर सगळी सहाच्या सहा कपाटं, रजिस्टरसकट, एकत्र, पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राला किंवा शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाला किंवा ब्लॅटरला रीतसर पत्र लिहून देऊ करा. घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. तोडून तोडून नको, अर्धं इथे अर्धं तिथे झालं की रजिस्टरचा नंबर कशालाच जुळत नाही. आणि हलवताना हमालांना ग्लोव्हज आणि मास्क द्या, पाऱ्याचं सांगा.

पोच देत चला. अर्जाची.

जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले किती जण याच खोलीत स्क्रूड्रायव्हर कुळावर अडकले होते ते मला पाठ आहे, नावं घेत नाही. तुमच्याकडे सहलीतले जुने फोटो, वह्या, कुठल्या गावाला कधी गेलो याच्या नोंदी असतील तर काढून ठेवा, डिट्टोची गावं शोधायला लागतील.

मी शनिवारी ११ वाजता लॅबच्या दारात येतो. डांबराच्या गोळ्या घेऊन येईन, तिथल्या संपल्या असणार, मी गेल्यापासून कुणी टाकल्या नसतील. कुलपाची एक किल्ली ऑफिसच्या खिळ्यावर असायची, दुसरी स्टोअरमध्ये. कुणीतरी उघडून द्या.

आपला,
बॉटनीचा मामा
(निवृत्त प्रयोगशाळा परिचर)